आधी पाजणं, मग कात्री

बाळ नीट ओढत नाही म्हटलं की हल्ली दवाखान्यात आधी त्याची जीभ उचलून खालचा पडदा पाहिला जातो, आणि जमलंच तर वरचा ओठ वर करून तिथलाही. चिकटलेल्या जिभेचं हे निदान नवं वाटतं, पण कात्री फार जुनी आहे. जन्मतः खाली बांधलेली जीभ कशी सोडवावी, हे रोमच्या सेल्ससने पहिल्या शतकात लिहून ठेवलं. युरोपातल्या सुइणी तर त्यासाठी एक नख वाढवून ठेवत, आणि शल्यवैद्य त्यावरून त्यांच्यावर तोंडसुख घेत. विसाव्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य देशांत ही कापाकापी बरीच ओसरली, कारण बाळं बाटलीवर गेली आणि बाटलीच्या बुचापुढे जिभेला तेवढी कसरत करावी लागत नाही. पुढे आया पुन्हा अंगावर पाजू लागल्या, तशी कात्रीही परतली. जिभेच्या घडणीत या काळात काहीच बदललं नव्हतं. बदललं होतं ते पाजणं. म्हणून आपल्याकडे या दोषाचा इतिहास शोधायचा तर तो पाजण्याच्या रीतीतच शोधावा लागतो.

नगर जिल्ह्यात, किंबहुना सगळ्या महाराष्ट्रात, अंगावर पाजणं कधी सुटलं नाही. अडचण पहिल्या तीन दिवसांची होती. चीक बाळाला बाधतो म्हणून पिळून टाकायचा आणि तोवर मधाचं बोट, गुळाचं पाणी किंवा बोंडल्याने वरचं दूध द्यायचं, ही रीत घरोघरी होती. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दूध दाटून येतं. स्तन दगडासारखा होतो, बोंडाभोवतीचा काळा भाग ताणून सपाट होतो आणि बाळाच्या तोंडात धरायला काही उरतच नाही. बाळ नुसतं बोंड चावतं, भेगा पडतात, आई कळवळते. चिकटलेल्या जिभेची म्हणून जी लक्षणं सांगतात, ती हीच.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे 1970 मध्ये याच जिल्ह्यातल्या जामखेडला आले, तेव्हा त्या भागात हजारी 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. 1990 च्या दशकात हा आकडा 30 च्या खाली आला. गावातल्याच, बहुतेक निरक्षर आणि अनेक दलित घरांतल्या बायकांना शिकवून आरोळे दांपत्याने आरोग्यसेविका केलं, स्वच्छ बाळंतपण, लस, आहार आणि पाण्याकडे लक्ष दिलं. जागतिक आरोग्य संघटनेने 1975 मध्येच या कामाची दखल घेतली. या घसरणीचं श्रेय जिभेखालच्या कात्रीला कुणी दिलेलं नाही. यावर कुणी म्हणेल, मृत्यूचे आकडे आईच्या भेगा मोजत नाहीत. खरं आहे, आणि जामखेडवरून चिकटलेली जीभ नसतेच असा निष्कर्ष काढणं खोटं ठरेल. पण घरात जाऊन आईशेजारी बसणारी बाई किती काम करते, हे तिथे दिसलं, आणि पाजण्याची तक्रार नेमकी तिथेच उलगडते.

खरोखर घट्ट पडदा असतो, तो लहानशा छेदाने सुटतो, आणि आईच्या वेदना त्याने काही काळ कमी होतात, असं 2017 च्या कॉक्रेन आढाव्यातही दिसलं. मात्र बाळाचं पिणं त्याने खात्रीने सुधारतं, हे त्या आढाव्यातल्या पाच लहान चाचण्यांतून सिद्ध झालं नाही. वरच्या ओठाच्या पडद्याची बाजू तर आणखी लंगडी: तो जवळजवळ प्रत्येक नवजात बाळाला असतोच, मग दोष कशाला म्हणायचं? उशीर झाला तर बाळ वाळेल, ही भीती रास्त आहे. म्हणूनच वजन पाहत राहायचं, पाजताना बाळ कसं धरलंय ते पाहायचं, दाटलेलं दूध आधी थोडं पिळून काढायचं. इतकं करूनही जमलं नाही, तर कात्रीला हरकत घेण्याचं कारण नाही.

आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, आई दोन-तीन दिवसांत घरी येते, आणि नेमकी दूध दाटायच्या वेळी घरीच असते. गडचिरोलीत आधी करून पाहिलेल्या कामाच्या अनुभवावरून 2011 मध्ये देशभर सुरू झालेल्या नवजात बाळाच्या घरभेटींत आशाताईची अशा बाळाकडे पहिली फेरी तिसऱ्या दिवशी असते. बाळ नीट पितं का, हा प्रश्न तिच्या तक्त्यावर छापलेला आहे. पण त्याचं उत्तर आजीला विचारून लिहिता येतं आणि एक पाजणं पूर्ण होईस्तोवर बसूनही लिहिता येतं.