बॅट्स

शेल स्क्रिप्टच्या स्वयंचलित चाचण्या कमांड लाइनवरून चालवण्याचे मुक्तस्रोत साधन. ‘बॅश ऑटोमेटेड टेस्टिंग सिस्टिम’ या नावाचे हे लघुरूप असून साधनही बॅशमध्येच लिहिलेले आहे. सॅम स्टीफनसन याने ते डिसेंबर 2011 मध्ये प्रसिद्ध केले. रूबी भाषेच्या आवृत्त्या सांभाळणारे त्याचे आरबीएन्व्ह हे साधन बॅशमध्ये आहे आणि त्याच्या चाचण्या बॅट्समध्ये लिहिलेल्या आहेत. मूळ प्रकल्पाची 0.4.0 ही आवृत्ती ऑगस्ट 2014 मध्ये आली आणि काम थंडावले. सप्टेंबर 2017 मध्ये वापरकर्त्यांनीच त्याची नवी शाखा काढली, ती बॅट्स-कोअर. आता बॅट्स म्हणजे हीच शाखा. होमब्रू, एनपीएम किंवा डेबियन-उबुंटूच्या एपीटीवरून ती घेता येते.

शेल स्क्रिप्टला कसली आली चाचणी, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मात्र एखादी आज्ञा फसली तरी बॅश न थांबता पुढची ओळ चालवतो, आणि व्हेरिएबलला किंमत दिलेली नसली तर तिथे गुपचूप रिकामी जागा धरतो. जानेवारी 2015 मध्ये स्टीम या खेळांच्या मंचाच्या लिनक्स स्क्रिप्टमध्ये नेमके हेच उघडकीस आले. फोल्डरचा पत्ता ठेवणारे व्हेरिएबल रिकामे राहिले, त्यापुढचा तिरका दंड आणि तारा तेवढे उरले, आणि ‘आरएम -आरएफ’ मूळ फोल्डरपासून पुसत सुटले. ही ओळ भीतीदायक आहे, अशी टीप लिहिणाऱ्यानेच तिथे ठेवलेली होती. 2011 मध्ये बंबलबी या प्रकल्पाच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये पत्त्यात एक स्पेस जास्त पडली आणि अख्खे ‘यूएसआर’ फोल्डर पुसले जाऊ लागले. पहिली चूक वाचून सहज दिसत नाही. पत्ता रिकामा ठेवून स्क्रिप्ट एकदा तात्पुरत्या आभासी यंत्रात चालवली असती तर ती दिसली असती.

बॅट्सची चाचणी फाइल म्हणजे जवळजवळ साधी बॅश फाइल. फरक एवढाच, की प्रत्येक चाचणी ‘@टेस्ट’ या खुणेने सुरू होते, मग अवतरणात तिचे नाव आणि महिरपी कंसात आज्ञा. ही खूण बॅशला कळत नाही. बॅट्स आधी फाइल वाचून तिचे साध्या फंक्शनमध्ये रूपांतर करतो. आतली एखादी आज्ञा शून्याखेरीज दुसरा एक्झिट कोड देऊन संपली की चाचणी नापास. प्रत्येक चाचणी वेगळ्या प्रोसेसमध्ये चालते. त्यामुळे एकीने बदललेले व्हेरिएबल दुसरीला दिसत नाही. डिस्कवर सोडलेली फाइल मात्र दिसते, म्हणून ‘सेटअप’मध्ये मांडामांड आणि ‘टिअरडाउन’मध्ये साफसफाई करावी लागते.

समजा, बॅकअपची स्क्रिप्ट आहे आणि दिलेले फोल्डर नसेल तर तिने 1 हा कोड देऊन थांबायला हवे. स्क्रिप्ट थेट चालवली तर तो 1 चाचणीलाच नापास करील. म्हणून आधी ‘रन’ लिहून मग स्क्रिप्टचे नाव लिहितात. ‘रन’ कोड ‘स्टेटस’मध्ये, सगळे आउटपुट ‘आउटपुट’मध्ये आणि त्याच्या ओळी ‘लाइन्स’ या यादीत ठेवतो. पुढच्या ओळीत ‘स्टेटस’ 1 आहे का आणि संदेशात फोल्डरचे नाव आले का, हे तपासायचे. टर्मिनलवर ‘बॅट्स’ आणि चाचण्यांच्या फोल्डरचे नाव दिले की पास झालेल्यांपुढे बरोबरची खूण येते, आणि नापास झालेल्यांखाली फाइल, ओळीचा क्रमांक व फसलेली आज्ञा जशीच्या तशी छापली जाते. उपफोल्डर हवे असतील तर ‘-आर’, नावावरून निवडायचे असेल तर ‘--फिल्टर’. ‘--जॉब्स’ने चाचण्या समांतर चालतात, पण त्यासाठी ग्नू पॅरललसारखे साधन वेगळे असावे लागते.

खरी गोम पुढे आहे. साधा ‘रन’ स्वतः नेहमी यशस्वी ठरतो. त्यानंतर ‘स्टेटस’ तपासायला विसरलात, तर स्क्रिप्ट तोंडावर आपटली तरी चाचणी पास. नव्या माणसाच्या चाचण्यांत ही चूक वारंवार आढळते, आणि लाल चाचणीपेक्षा अशी हिरवी चाचणी जास्त घातक. ‘रन’ सबशेलमध्ये चालत असल्याने आतल्या फंक्शनने बदललेले व्हेरिएबल बाहेर टिकत नाही. ‘रन’ लिहून पुढे पाइप दिली, तर पाइप ‘रन’च्याच आउटपुटला लागते, आतल्या आज्ञेच्या नाही. उद्गारचिन्हाने उलटवलेली आज्ञा मधल्या ओळीत असेल तर ती फसली तरी बॅशच्या नियमानुसार चाचणी पुढे जाते, त्यासाठी 1.5.0 पासून ‘रन’नंतर उद्गारचिन्ह देण्याची सोय झाली. मॅकओएससोबत आजही बॅश 3.2 येतो. त्यात दुहेरी चौकटी कंसातली अट शेवटच्या ओळीत नसेल तर खोटी ठरूनही चाचणी पासच. यातले बहुतेक दोष बॅट्सचे नव्हेत, बॅशचे आहेत. पण भोगावे चाचणी लिहिणाऱ्यालाच लागतात.

नेटवर्क लागणाऱ्या आज्ञेची चाचणी करताना तात्पुरत्या फोल्डरमध्ये ‘कर्ल’ नावाची दोन ओळींची खोटी स्क्रिप्ट ठेवतात आणि ते फोल्डर ‘पाथ’च्या सुरुवातीला जोडतात. युक्ती जुनी आहे, पण तिला तोड नाही. तुलना वाचनीय व्हावी म्हणून बॅट्स-असर्ट ही जोडलायब्ररी घेतात.

सर्व्हरवर आपोआप चालताना बॅट्स ‘टॅप’ या साध्या मजकुराच्या साच्यात निकाल देतो. आधी ‘1..12’ अशी संख्या, मग प्रत्येक चाचणीसाठी ‘ओके’ किंवा ‘नॉट ओके’. हा साचा पर्ल भाषेच्या चाचण्यांतून आला. एकही चाचणी फसली तर बॅट्सचा स्वतःचा एक्झिट कोड 1 येतो, आणि त्यावरच पुढचे काम अडवता येते.

बॅट्सला बॅश 3.2 किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. त्याद्वारे कोणत्याही भाषेतला कमांड लाइन प्रोग्राम तपासता येतो, कारण त्याला फक्त एक्झिट कोड आणि आउटपुट दिसते. मात्र डॅश किंवा बिझीबॉक्सच्या शेलसाठी लिहिलेली फंक्शने चाचणी फाइलमध्ये ओढून घेतली की ती बॅशमध्ये चालतात आणि मूळ शेलमधला दोष झाकला जातो. ज्यांच्या स्क्रिप्ट अशा शेलवर चालायच्या आहेत त्यांनी शेलस्पेक किंवा एसएचयुनिट2 घ्यावे.