नदीपलीकडे न चालणारा परवाना
"ड्रायव्हिंग लायसन्स अमेरिकेत सगळीकडे चालतं, मग पिस्तुलाचा परवाना का नाही?" फिलाडेल्फियातल्या मित्राने परवा विचारलं.

त्याच्याच शहरातली गोष्ट. २०१३ साली दोन मुलांची एक आई पेन्सिल्व्हेनियाचा रीतसर परवाना घेऊन शेजारच्या न्यू जर्सीत गेली. पोलिसांनी गाडी थांबवली, तर पिस्तूल असल्याचं तिने स्वतःच सांगितलं. झाली अटक! किमान साडेतीन वर्षांच्या कैदेची टांगती तलवार. बोंबाबोंब झाल्यावर २०१४ मध्ये ॲटर्नी जनरलने सरकारी वकिलांना सौम्य भूमिकेची मुभा दिली, २०१५ मध्ये गव्हर्नर क्रिस्तींनी माफी.

मग देशभर एकच नियम का नाही? प्रयत्न झालेत. २००९ मध्ये सिनेटात ५८ मतं पडली, हवी होती ६०. २०१७ मध्ये प्रतिनिधीगृहात २३१ विरुद्ध १९८ ने विधेयक मंजूर झालं, सिनेटात अडकलं. (एरवी राज्यांच्या हक्कांसाठी भांडणारे रिपब्लिकनच इथे वॉशिंग्टनचा हुकूम मागतात, ही गंमत.)

त्या बाईवर अन्याय झाला, मान्य. पण व्हरमाँटने परवाना कधी मागितलाच नाही. कुठे प्रशिक्षण सक्तीचं, कुठे नाही. सगळ्यात ढिला नियम न्यू जर्सीने का सोसावा? शिक्षा सौम्य करा, एवढंच मी म्हणेन.

मित्राला पटलेलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा फोन येणार.