विजेचें मोजमाप आणि समुद्रांतील तार

वीज डोळ्यांना दिसत नाहीं. ती काय करते त्यावरूनच ती ओळखावी लागते. अशा अदृश्य वस्तूचें माप कसें घ्यावें हें मनुष्य सावकाश शिकला, आणि माप न घेतां पुढें जाण्याची किंमतहि त्यानें एकदां पुरेपूर मोजली.

१८२० सालीं कोपनहेगनच्या ओर्स्टेड या अध्यापकास असें आढळलें कीं, प्रवाह वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्र आणलें तर त्याची सुई वळते. त्याच वर्षीं जर्मनींत श्वायगरनें तारेचे अनेक वेढे देऊन हा परिणाम वाढविला. विद्युन्मापकाचा जन्म तो हाच. पुढें १८२७ सालीं ओमनें दाब, प्रवाह व विरोध यांचें नातें सांगितलें: दाब दुप्पट तर प्रवाह दुप्पट, विरोध दुप्पट तर प्रवाह निम्मा.

हें ज्ञान हाताशीं असूनहि १८५८ सालीं मोठा अनर्थ घडला. आयर्लंडपासून न्यूफाउंडलंडपर्यंत अटलांटिकच्या तळाशीं सुमारें २,००० मैलांची तार टाकण्यांत आली, आणि ५ ऑगस्टला ती पैलतीरास पोहोंचली. इंग्लंड व अमेरिका या दोन्हीं देशांत आनंदीआनंद झाला. परंतु व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पलीकडे जाण्यास सुमारें १६ तास लागले! कंपनीचा विद्युत्तज्ज्ञ व्हाइटहाउस हा मूळचा शस्त्रवैद्य. संकेत क्षीण आहेत तर दाब वाढवावा, अशी त्याची समजूत; त्यानें सुमारें २,००० व्होल्टांचा दाब दिला. तारेचें वेष्टन आधींच सदोष होतें. त्यांत हा मारा. महिनाभरांतच तार मुकी झाली.

ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढील काळांतील लॉर्ड केल्व्हिन, यांचा मार्ग याच्या उलट होता. प्रवाह क्षीणच असूं द्यावा, मापक मात्र तीक्ष्ण असावा. रेशमाच्या धाग्यावर त्यांनीं चिमुकला आरसा व त्याच्या पाठीशीं लोहचुंबक टांगला. आरसा किंचित् हलला तरी त्यावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका मोजपट्टीवर दूरवर सरके. बळाचें काम अशा रीतीनें नजरेनें साधलें.

१८६१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या चौकशीच्या अहवालानें स्पष्ट केलें कीं, पुरेसें पूर्वपरीक्षण झालें असतें तर हें अपयश टळलें असतें. त्याच वर्षीं विरोधाचें प्रमाण ठरविण्यासाठीं ब्रिटिश असोसिएशननें समिती नेमली. दर मैलाचा विरोध ठाऊक असला म्हणजे किनाऱ्यावर बसूनहि तारेंतील दोष किती मैलांवर आहे याचा अदमास करतां येतो. १८६६ सालीं 'ग्रेट ईस्टर्न' जहाजानें पुन्हा अटलांटिकमध्यें तार टाकली, तेव्हां ती सोडतांना एकसारखी तपासली जात होती, ती टिकली. याच जहाजानें १८७० सालीं मुंबईस एडनशीं जोडलें.

१८८१ च्या पॅरिस परिषदेनें ओम, व्होल्ट व अँपिअर या मापांना आंतरराष्ट्रीय मान्यता दिली. १८८८ च्या सुमारास वेस्टननें सुईचा कांटा पाहून थेट आंकडा वाचतां येईल असें सुटसुटीत यंत्र बनविलें. अँपिअरमापक मंडलाच्या ओळींतच, प्रवाहाच्या वाटेवर जोडावयाचा. म्हणून त्याचा विरोध अत्यल्प. व्होल्टमापक दोन टोकांवर आडवा जोडावयाचा. म्हणून त्याचा विरोध मोठा. पहिल्यानें प्रवाह अडवूं नये, दुसऱ्यानें तो पिऊं नये. ही अदलाबदल झाली आणि अँपिअरमापक दाबाच्या दोन टोकांवर लागला, तर त्यांतून अफाट प्रवाह धांवून तो जळतो.

मापक लावला तरी मंडल जसेंच्या तसें राहिलें पाहिजे, हें मोजमापाचें तत्त्व आहे. टॉमसनच्या आरशांत तें होतें, व्हाइटहाउसच्या २,००० व्होल्टांत नव्हतें. जी वस्तु दिसत नाहीं तिच्यावर जोर करण्यापूर्वीं तिचें माप घ्यावें, हा धडा अटलांटिकच्या तळाशीं एक संपूर्ण तार गमावून मिळाला.