वेशीपलीकडच्या वाटाघाटी

रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत सुदर्शन केमिकलचा रंगद्रव्यांचा कारखाना आहे. पुण्याच्या या कंपनीने मार्च २०२५ मध्ये जर्मनीतील ह्यूबाख हा रंगद्रव्यांचा उद्योगसमूह ताब्यात घेतला. रोह्याचा आणि जर्मनीचा कामगार आता एकाच मालकाचे झाले. पण वाटाघाटी वेगळ्याच राहिल्या. जर्मनीत रसायन-कामगारांची आयजी बीसीई ही संघटना साऱ्या उद्योगासाठी वेतनकरार करते. आपल्याकडे करार बहुधा कारखान्याच्या फाटकाशीच थांबतो. दोन्ही देशांतील संघटनांनी एकत्र बसले पाहिजे, हे उघडच आहे. २०१२ साली स्थापन झालेला इंडस्ट्रिऑल हा जागतिक महासंघ त्यासाठीच झटतो. परंतु एकत्र बसायचे म्हणजे कोणी, हा प्रश्न आपल्या इतिहासाने पूर्वीच विचारलेला आहे.

पेणच्या विद्यार्थ्यांना मी शेजारच्या अलिबाग तालुक्यातील चरीचा संप शिकवतो. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांनी खोतांची जमीन कसायचे नाकारले. २५ गावे सामील झाली आणि संप १९३९ पर्यंत टिकला. एकट्या चरीने नांगर खाली ठेवला असता, तर खोताला शेजारच्या गावातून दुसरे कूळ आणता आले असते. गावाची वेस ओलांडली म्हणूनच संपाला बळ आले. या लढ्याला बाबासाहेबांचा पाठिंबा होता आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयकही मांडले.

याच बाबासाहेबांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या एकजुटीला मात्र अट घातली होती. अस्पृश्यांना साचेखात्यात काम मिळत नसे. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा म्हणे विटाळ होई! हा विटाळ मालकाला नव्हे, सोबतच्या कामगाराला होत होता. ही बंदी उठविण्याची मागणी सामील करा, असे १९२८ च्या संपात त्यांनी पुढाऱ्यांना बजावले. पुढाऱ्यांनी ती नाखुशीने मान्य केली. १९२९ च्या संपाला त्यांनी विरोध केला. पुढे ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध संप झाला, तेव्हा त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उभे राहिले. यात मला विसंगती दिसत नाही. एकजूट त्यांना हवीच होती. पण आपल्याच माणसाला दाराबाहेर ठेवणारी एकजूट नको होती.

आज ते दार कंत्राटी कामगारासमोर बंद आहे. गटारे उपसणे, पिंपे धुणे, पोती वाहणे ही कामे कोणाच्या वाट्याला येतात, हे कोणत्याही औद्योगिक वसाहतीत पाहावे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे संघटनस्वातंत्र्य आणि सामुदायिक वाटाघाटी यांविषयीचे १९४८ व १९४९ चे ठराव भारताने अद्याप स्वीकारलेले नाहीत. ते स्वीकारा, ही मागणी केलीच पाहिजे. पण कंत्राटी कामगाराला सभासद करून घ्यायला आपल्या संघटनांना कोणत्याही सरकारच्या सहीची वाट पाहावी लागत नाही. जर्मनीच्या कामगाराशी हात मिळवण्याआधी पोती वाहणाऱ्याचा हात हाती घ्यावा. तो वाटाघाटींबाहेर राहिला, तर मालक त्यालाच आपल्याविरुद्ध उभा करील.