मयसभेचे दार

मयसभा पाहायला आलेला दुर्योधन सभापर्वात स्फटिकाच्या जमिनीला पाणी समजतो, पाण्याला जमीन समजून त्यात पडतो आणि मिटलेले स्फटिकाचे दार उघडे मानून त्यावर कपाळ आपटून घेतो. आपल्या मनावर ठसला आहे तो द्रौपदीचा ‘आंधळ्याचा पोर’ हा टोमणा. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत तो नाही, हे वर्गात सांगितले की विद्यार्थी हिरमुसतात. मला मात्र त्या दाराचे महत्त्व अधिक वाटते. शहरांतली पाखरे आज नेमकी अशाच दारांवर आपटतात. दुर्योधनाचा अपमानच झाला. पाखरे मेंदूतल्या रक्तस्रावाने मरतात.

आपल्याकडे काच दीर्घकाळ तुकड्यातुकड्यांनीच वावरली. मेजर चार्ल्स मँट याच्या आराखड्यानुसार १८७७ ते १८८४ या काळात बांधलेल्या कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यात, दरबार हॉलच्या खिडक्यांवर शिवचरित्रातील प्रसंग रंगीत काचांत चितारले आहेत. रंग आणि रेषांनी भरलेली अशी काच पाखराला मोकळे आकाश वाटत नाही. १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना निघाला, त्याची काच प्रभाकर कंदिलातून घरोघरी गेली. वाड्यांच्या खिडक्यांना गज आणि लाकडी दारे. चिमणी त्यांतून आत येई आणि तसबिरीमागे घरटे बांधी. आरशातल्या चिमणीशी ती भांडे, पण ते भांडण जिवावर बेतत नसे.

१८५१च्या लंडनमधील काचमहालातही पाखरांचा प्रश्न उभा राहिला होता. एल्मची उभी झाडे आत घेऊन तो बांधला, त्यांबरोबर चिमण्याही कोंडल्या गेल्या. चिंता होती ती प्रदर्शनातल्या वस्तू घाण होण्याची! त्या महालाची प्रत्येक काच जेमतेम दहा इंच रुंद, चौकटीत बसवलेली होती.

ही चौकट पुढे गळून पडली. वितळलेल्या कथिलावर काचरस पसरून सलग, नितळ तावदाने करण्याची पद्धत इंग्लंडमधील पिल्किंग्टन कंपनीने १९५९ साली जाहीर केली; १९९०च्या दशकात आपल्या तळोज्यातही तशी काच होऊ लागली. खिडकीतली काच आता स्वतःच भिंत झाली. तिच्यात समोरचे झाड उमटते, किंवा तिच्यातून पलीकडचे झाड दिसते. दोन्ही परींनी पाखराला वाट मोकळीच भासते. पावसाळ्याच्या तोंडावर दक्षिणेकडून सह्याद्रीकडे येणारा नवरंग रात्री प्रवास करतो. शहरी दिव्यांनी भरकटलेल्या, दमलेल्या अशा पाखराला या भिंती विशेष घातक.

अमेरिकेत डॅनियल क्लेम यांनी १९७४ पासून या मृत्यूंचा अभ्यास केला. तिथे दरवर्षी ३६ कोटी ५० लाख ते ९८ कोटी ८० लाख पक्षी इमारतींवर आपटून मरतात, असा अंदाज २०१४ साली प्रसिद्ध झाला. शिकागोच्या मकॉर्मिक प्लेस या एकाच इमारतीखाली ५ ऑक्टोबर २०२३ रोजी साडेनऊशेहून अधिक पक्षी मेलेले सापडले.

पुढच्या वर्षी त्या काचांवर लहान ठिपक्यांचा पापुद्रा चिकटवला आणि मृत्यू नव्वद टक्क्यांहून अधिक घटले. कोल्हापुरातही निळसर काचेच्या दर्शनी भिंती उभ्या राहत आहेत, आणि त्यांना हा उपाय परवडणारच नाही असे म्हणवत नाही. ठिपके सुमारे पाच सेंटिमीटर अंतरावर हवेत, आणि तेही बाहेरच्या बाजूने. आतून लावले तर प्रतिबिंबाखाली ते झाकले जातात.