उंदीर आणि रुग्ण यांच्यामधली पायरी

१/ कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काही द्रव्ये विशिष्ट प्रकाशाखाली चमकतात आणि गाठीची सीमा शल्यविशारदाला दाखवतात. असे द्रव्य पहिल्या रुग्णाच्या शिरेत जाण्यापूर्वी मानवी पेशींवर आणि शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी ऊतींवर पारखले जाते. या पायरीचा भारतातील इतिहास एका पुणेकर संशोधिकेपाशी पोहोचतो.

२/ चमकणारी द्रव्ये मात्र बरीच जुनी. जर्मन रसायनशास्त्रज्ञ अडॉल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये फ्लुओरेसिन तयार केले. १९४० च्या दशकात अमेरिकेत जॉर्ज मूर यांनी मेंदूतील गाठी ओळखण्यासाठी ते वापरले.

३/ मग उंदरावरची चाचणी पुरेशी का नाही? आजची अनेक द्रव्ये गाठीतील एखाद्या मानवी प्रथिनालाच चिकटावीत अशी घडवलेली असतात आणि उंदरातील तेच प्रथिन वेगळ्या घडणीचे असू शकते. शिवाय मानवी ऊतींना स्वतःचीही अंधुक चमक असते. गाठीची चमक तिच्यातून वेगळी उठून दिसते का, हे मानवी ऊतीवरच कळते.

४/ २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कमल रणदिवे यांनी १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज ओटो गाय यांच्याकडे त्या ऊतिसंवर्धन, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र, शिकल्या.

५/ मायदेशी परतल्यावर १९६० च्या दशकात त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. त्यांचे संशोधन चमकणाऱ्या द्रव्यांवर नव्हते. परंतु अशा द्रव्यांच्या प्राथमिक चाचणीला लागणाऱ्या जिवंत पेशी याच तंत्राने वाढवल्या जातात. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

६/ या तंत्राच्या इतिहासाला एक काळी किनारही आहे. बाल्टिमोरच्या त्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गाठीतील पेशी वाढवण्यात आल्या. त्या ‘हेला’ नावाने जगभर पोहोचल्या. हेन्रिएटांची परवानगी कुणी घेतली नव्हती. त्या त्याच वर्षी वारल्या. कुटुंबाला ही गोष्ट कळली ती दोन दशकांनंतर.

७/ भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० मध्ये मानवावरील संशोधनासाठी नैतिक धोरण जाहीर केले. २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत जैविक नमुन्यांचा स्वतंत्र विचार आहे. नांदेड-लातूरच्या एखाद्या शेतकरी स्त्रीची गाठ काढली जाते, तेव्हा तिने उपचाराला दिलेली संमती संशोधनाला लागू होत नाही. तिच्या ऊतीवर नवे द्रव्य पारखायचे असेल, तर ते तिला समजेल अशा भाषेत सांगून वेगळे विचारावे लागते, आणि नाही म्हणण्याचा अधिकार तिचाच राहतो.