उपमा की रूपक? : अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना’ आणि श्रमिकाचा विरह

शाहीर अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना’ या छक्कडीविषयी लिहिताना बहुतेक अभ्यासक एका विधानावर थांबतात. यातील मैना म्हणजे महाराष्ट्र, आणि तिचा विरह म्हणजे संयुक्त महाराष्ट्रापासून तोडलेल्या प्रदेशांचा विरह, असे ते विधान होय. हे विधान सर्वस्वी चुकीचे आहे असे नाही. परंतु त्याने गीताची फार मोठी हानी केली आहे. मैना म्हणजे महाराष्ट्र असे एकदा म्हटले, की गावावर राहिलेली एक खरीखुरी स्त्री आणि तिला सोडून मुंबईस आलेला एक खराखुरा श्रमिक ही दोन्ही माणसे गीतातून नाहीशी होतात. प्रस्तुत लेखात त्या दोघांना परत गीतात आणण्याचा यत्न केला आहे.

गीताची रचना नीट पाहिली तर काय आढळते? नायक गरीब आहे, आणि गरिबीनेच नवराबायकोची ताटातूट केली असे तो स्पष्ट सांगतो. पहाटेची वेळ, भाकरीचे गाठोडे, गावाच्या वेशीपर्यंत पोचवायला आलेली पत्नी, पत्रे पाठविण्याची आणि दागिने आणण्याची त्याने दिलेली वचने, एवढे सारे होऊन तो मुंबईत येतो. तेथे बेकारांच्या गर्दीत आणखी एकाची भर पडते. पाऊस आहे आणि छत्री नाही. येथपर्यंत राजकारणाचा शब्दही नाही. त्यानंतर संयुक्त महाराष्ट्राची चळवळ उभी राहते, आणि शाहीर म्हणतो की मैनेची व माझी भेट नाही, तीच दशा खंडित महाराष्ट्राची झाली आहे. आपल्या अलंकारशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर ही उपमा आहे, रूपक नव्हे. उपमेत उपमेय व उपमान निरनिराळी राहतात आणि त्यांच्यातील साधारण धर्म तेवढा सांगितला जातो. रूपकात अभेद कल्पिलेला असतो. शाहिराने अभेद कल्पिलेला नाही. मैना ही पत्नीच आहे. महाराष्ट्राची दशा तिच्या दशेवरून समजावून सांगितली आहे. उपमानाचे एक लक्षण असे, की ते श्रोत्याच्या अधिक परिचयाचे असावे लागते. मुंबईतील कामगारवस्तीत बसलेल्या श्रोत्याला भाषिक राज्यरचनेचा प्रश्न शिकवावा लागत होता. बायको गावी आहे, हे त्याला कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

ही परिचितता कोठून आली ते पाहणे अगत्याचे आहे. १९२१ च्या जनगणनेच्या सुमारास मुंबई शहरात स्त्रियांची संख्या पुरुषांच्या निम्म्याहून थोडीच अधिक होती. गिरणीकामगारांपैकी पुष्कळसे एकटे राहत, एका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि खाणावळीत जेवत. घर गावी, शेतीचा तुकडा गावी, म्हातारी माणसे गावी. घाटावरून सातारा, पुणे या भागांतून आणि खाली कोकणातून रत्नागिरी व कुलाबा जिल्ह्यांतून आलेल्या माणसांनी गिरणगाव वसविले. बदली कामगाराला रोज दारावर उभे राहून काम मिळते की नाही हे पाहावे लागे. खाडे झाले की मुकादमाची किंवा जॉबरची मर्जी गेली. अशा अनिश्चित मिळकतीत कुटुंब आणून बिऱ्हाड थाटणे सर्वांना परवडणारे नव्हते. म्हणजे विरह हा येथे शृंगाराचा एक प्रकार नसून मजुरीच्या दराचा परिणाम होता.

या ठिकाणी कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे १९८१ पासून ज्याला रायगड म्हणतात त्या जिल्ह्यातील, पेण तालुक्याकडे थोडे वळावेसे वाटते, कारण तेथे याच्या उलट व्यवस्था दिसते. जोहे, हमरापूर आणि आसपासच्या गावांत गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. घराला लागून कारखाना, आणि मूर्ती घडविण्यापासून रंगविण्यापर्यंत घरची पुरुषमाणसे व बायका एकत्र राबतात. मुंबईला जाते ती मूर्ती. कारागीर गावीच राहतो. भाषेच्या अभ्यासकाला येथे एक शब्द विशेष उद्बोधक वाटेल. जोह्याच्या कारखान्यात ‘साचा’ म्हणजे ज्यातून मूर्तीचे अंग काढतात ती वस्तू. गिरणगावच्या बोलीत ‘साचा’ म्हणजे माग. ‘साचेवाला’ म्हणजे विणकर, आणि ‘साचेखाते’ म्हणजे विणाईचे खाते. शब्द एकच. पण एका साच्यापाशी कुटुंब एकत्र नांदते आणि दुसऱ्या साच्याने ते दुभंगते. कोशांत दोन अर्थ एकाखाली एक देऊन मोकळे होता येते. त्या दोन अर्थांमधील अंतर मात्र माणसांनी बोटीने, रेल्वेने आणि पायी तोडलेले असते.

पायी, हे अण्णा भाऊंच्या बाबतीत अक्षरशः खरे आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे मातंग कुटुंबात त्यांचा जन्म झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. शाळा त्यांना जेमतेम दीड दिवसाची लाभली, असे त्यांच्या चरित्रात सर्वत्र सांगितले जाते. १९३०-३२ च्या सुमारास वडिलांबरोबर त्यांनी मुंबईची वाट धरली, ती चालत, आणि वाटेत मिळेल ते काम करीत. मुंबईत हमाली, फेरीचा धंदा, गिरणीतील झाडूकाम अशी अनेक कामे त्यांनी केली. पुढे कम्युनिस्ट चळवळीत ते आले, आणि १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह ‘लाल बावटा कला पथक’ उभे राहिले. अमर शेख (१९१६-१९६९) हे मूळचे बार्शीचे. मोटारीवर क्लीनर, गिरणीकामगार अशी कामे करीत तेही शाहिरीत आले. ‘माझी मैना’ लोकांच्या कानांत बसली त्यात त्यांच्या पहाडी आवाजाचा वाटा थोर आहे.

भटकंतीला या लेखकाच्या अनुभवविश्वात आणखी एक कठोर बाजू आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींचे हिंडणे हाच संशयाचा विषय केला, आणि १९५२ साली तो रद्द होईपर्यंत त्याची छाया टिकली. हजेरीचा जाच हा ‘फकिरा’ (१९५९) या त्यांच्या कादंबरीचा एक मुख्य धागा आहे. ज्याला गावाबाहेर जाण्यासाठी परवानगी लागते आणि ज्याला पोटासाठी गाव सोडावेच लागते, अशी दोन्ही माणसे एकाच लेखकाच्या साहित्यात शेजारी उभी आहेत. शाहिरी गीते आणि कादंबऱ्या यांचा अभ्यास निरनिराळ्या खोल्यांत बसून करण्याची आपली सवय यामुळेच सोडावी लागेल.

आता परंपरेकडे. पेशवाईच्या उत्तरकाळातील शाहिरांच्या, म्हणजे राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, प्रभाकर यांच्या, विरहाच्या लावणीत सामान्यतः बोलणारी स्त्री असते. पती मुलूखगिरीवर किंवा परदेशी गेलेला, आणि ती घरी झुरते. रचणारा पुरुष, गाणारा पुष्कळदा नाच्या, पण शब्द स्त्रीचे. अण्णा भाऊंनी हा सांकेतिक कोन फिरविला. येथे बोलतो तो गेलेला पुरुष. त्यामुळे विरहाला कारण सांगणे त्याला भाग पडते, आणि ते कारण शाहीर लपवीत नाही. अर्थात या फिरविण्यात एक उणीवही आली. मैनेच्या रूपाचे, तिच्या साजशृंगाराचे वर्णन भरपूर आहे. तिच्या तोंडी मात्र काही नाही. तिची बाजू ऐकायची असेल तर जात्यावरच्या ओव्यांकडे जावे लागते. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रयत्नांतून ग्रामीण महाराष्ट्रातील अशा एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला आहे. ‘माझी मैना’ आणि या ओव्या एकमेकींसमोर ठेवून वाचण्याचे काम एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने अवश्य हाती घ्यावे.

शहराकडे पाहण्याची दृष्टीही अशीच बदललेली दिसते. पठ्ठे बापूराव (१८६६-१९४५) यांनी मुंबईवर लावणी रचली, ती नगरीच्या वैभवाने दिपलेल्या पाहुण्याची. अण्णा भाऊंची ‘मुंबईची लावणी’ हे तिला दिलेले उत्तर मानले जाते, आणि ते योग्यच आहे. मलबार हिल आणि कामगारवस्ती यांतील अंतर तीत मोजलेले आहे. तमाशाच्या घाटणीतही त्यांनी हात घातला. गणपतीच्या नमनाच्या जागी त्यांच्या लोकनाट्यात मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आले, व गौळण गळाली. ज्यांची दैवते भाद्रपदात जोहे-पेणहून येतात अशाच श्रोत्यांपुढे हे केले जात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या बदलातील धाडस कळते. श्रोत्यांनी तो स्वीकारला, कारण पुढचा वग त्यांच्याच हकिकतीचा असे.

पुन्हा भाषेकडे येऊ. या गीताच्या पूर्ण शीर्षकात ‘गावावर’ असे रूप आहे. शिष्ट मराठीत ‘गावी’, ‘गावात’ किंवा ‘गावाकडे’ अशी रूपे अपेक्षित होती. ‘-वर’ हे शब्दयोगी अव्यय स्थलवाचक नामांना लागते तेव्हा ते बहुधा कामाचे ठिकाण दर्शविते : शेतावर, मळ्यावर, वस्तीवर; आणि तद्वत् कामावर, पाळीवर. ‘गावात राहिली’ यात केवळ वास्तव्य आहे. ‘गावावर’ यात मागे ठेवलेल्या माणसाच्या अंगावर पडलेला संसारही सूचित होतो असे मला वाटते. ‘भरवशावर’, ‘जिवावर’ या प्रयोगांचा अर्थध्वनीही त्यात मिसळत असावा. तो पाळीवर आहे आणि ती गावावर आहे. एकाच अव्ययाने दोघांच्या श्रमाची जागा सांगितली जाते. असे रूप कोशातून मिळत नाही. ते बोलीत जन्मलेल्या रचनाकाराच्या कानात असते. छापील संग्रहांत संपादकांनी अशी रूपे ‘शुद्ध’ करू नयेत, हे म्हणून निक्षून सांगावे लागते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य अस्तित्वात आले आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य. गीतात ज्यांची नावे आली त्यांपैकी मुंबई मिळाली. बेळगाव, कारवार, निपाणी कर्नाटकात राहिली, आणि त्यासंबंधी महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले; सहाच आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला, आणि त्यानंतर गिरणगावची जुनी घडी राहिली नाही. हजारो कामगार गावी परतले. उपमेयाचा निकाल अद्याप लागलेला नाही. उपमानाचा लागला तो असा : ज्या साच्यासाठी मैनेला सोडून यावे लागले, तो साचाच बंद पडला.